फोल्डरांची नित्य तुलना व ती जतन करण्याची रीत

पोथ्यांचे पाठ ताडून पाहतांना कोणता पाठ कोणत्या पोथींतला हें आधीं निश्चित असावें लागतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेल्या व १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रत्येक पोथीस संकेताक्षर दिलें आहे, तें याचसाठीं. मोडी कागदांचीं देवनागरी लिप्यंतरें संगणकावर ठेवणाऱ्या आम्हां मंडळींना मात्र हा विवेक उशिरां सुचला.

आमचेकडे एका दप्तराचीं लिप्यंतरें दोन फोल्डरांत असतात: शोधित प्रत घरच्या संगणकांत, तिची जोडप्रत पेनड्राइव्हवर. दर पंधरवड्यास विनमर्ज या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमनें तीं ताडावयाचीं. हा प्रोग्रॅम दोन्ही फोल्डर डावीकडे व उजवीकडे मांडून कोणत्या फाइली सारख्या, कोणत्या भिन्न व कोणत्या एकाच बाजूस आहेत हें दाखवितो. भिन्न फाइल उघडली असतां फरकाच्या ओळी रंगवून पुढें ठेवितो. मी प्रत्येक वेळीं दोन्ही पत्ते नव्यानें भरीत असें. एके दिवशीं बाजू उलट पडल्या. डावें तें शोधित, ही संवय डोळ्यांस जडलेली. तिच्या भरंवशावर मीं सर्व कांहीं डावीकडून उजवीकडे उतरविलें, आणि तीन कागदांवरील पंधरवड्याच्या दुरुस्त्या जुन्या मजकुरानें पुसून गेल्या. दोन कागद पुन्हां वाचून काढले. तिसऱ्याच्या मूळ पानाची जीर्ण कड मध्यंतरीं गळून पडली होती.

वारंवार लागणारी तुलना जतन करण्याची सोय याच प्रोग्रॅमांत आहे. 'ओपन'च्या खिडकींत दोन्ही फोल्डरांचे पत्ते द्यावे, पोटफोल्डरहि घ्यावयाचे असल्यास तशी खूण करावी, केवळ मजकुराच्या फाइली हव्या असल्यास फिल्टर लावावा. नंतर 'सेव्ह प्रोजेक्ट' करून त्यास नांव द्यावें. पुढें त्या फाइलीवर माउसनें दोनदां टिचकी मारली कीं सर्व मांडणी पूर्ववत् होऊन तुलना सुरू होते. सर्वांत महत्त्वाची खूण 'रीड-ओन्ली' ही. जी बाजू बदलूं नये तिच्यावर ती केली असतां त्या बाजूस कांहीं उतरवितांच येत नाहीं, आणि ही खूणहि प्रोजेक्टांत जतन होते.

येथें एक गैरसमज होतो. तुलना जतन केली म्हणजे निकाल जतन झाला असें नव्हे. फाइलींत राहतात ते पत्ते, बाजू, फिल्टर व खुणा; निकाल दर वेळीं त्या दिवशींच्या फाइली वाचून नव्यानें निघतो. कर्मारंभीं संकल्पांत देश, काल व हेतु उच्चारतात, कर्म पुढें करावेंच लागतें, तसाच हा प्रकार. अमुक दिवशीं काय भेद होते याची नोंद ज्यास हवी असेल त्यानें निराळा अहवाल काढून ठेवावा. तीहि सोय विनमर्जमध्यें आहे.

पेनड्राइव्हास विंडोज कधीं निराळें अक्षर देते, तेव्हां जुना पत्ता लटका पडतो. प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असल्यानें ती नोटपॅडमध्यें उघडून तेवढें अक्षर दुरुस्त करावें. सर्व पुन्हां भरण्याचें कारण नाहीं. बियॉंड कम्पेअर या विकतच्या प्रोग्रॅमांत याच गोष्टीस 'सेशन' म्हणतात. नांवें मात्र जपून द्यावीं. 'तुलना १', 'तुलना २' अशीं नांवें सहा महिन्यांनीं देणाऱ्यासहि कळत नाहींत. मी दप्तराचें नांव व कोणतें फोल्डर कोणत्या बाजूस हें नांवांतच लिहितों.