थाळीचा खर्च आणि विक्रीदर : संगणकावर हिशेब कसा मांडावा?

चंद्रपूर व गडचिरोली हे धानाचे जिल्हे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल या भागातील शेतकऱ्याला धानाचा एकरी खर्च काढायला कोणी शिकवावे लागत नाही. चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी, मळणी असा प्रत्येक कामाचा खर्च तो बोटावर सांगतो. परंतु त्याच धानाचा तांदूळ शिजवून पाहुण्याच्या ताटात वाढला, की हा हिशेब तिथेच थांबतो. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांच्या आसपास आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट घरगुती जेवण देऊ लागले आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यानंतर या जोडधंद्याकडे ओढा वाढला. मात्र थाळीचा दर बहुतेक ठिकाणी शेजारच्या खानावळीचा फळा पाहून ठरतो. शेजाऱ्याने तो कोणाचा पाहून ठरवला, हे विचारायला कोणी जात नाही. दिवसभर चूल पेटती राहते, गल्ल्यात नोटा दिसतात, आणि हंगाम संपल्यावर किराणा दुकानाची उधारी शिल्लक राहते.

हा हिशेब वहीत होऊ शकतो, पण भाव रोज बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. संगणकावरील तक्त्याचा उपयोग येथेच आहे. १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ हा असा पहिला लोकप्रिय कार्यक्रम अमेरिकेत निघाला. त्याची कल्पना डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला सुचली, ती फळ्यावर एक आकडा बदलला की प्राध्यापकांना खालचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात हे पाहून. आज ‘एक्सेल’, विनामूल्य मिळणारे ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ किंवा मोबाईलवर चालणारे ‘गुगल शीट्स’ यांपैकी कोणतेही चालेल. मोठ्या हॉटेलांसाठी खास विकत मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. वीस-चाळीस थाळ्यांच्या खानावळीने त्यावर पैसे घालवण्याची गरज नाही, असे आमचे मत आहे.

घरचा तांदूळ फुकट नसतो

संगणक सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. शेत आणि स्वयंपाकघर ही दोन वेगळी खाती आहेत. शेताने स्वयंपाकघराला माल विकला, असे समजून त्याची किंमत लावावी. ती कोणती? तोच माल त्या दिवशी बाहेर विकला असता तर हातात जे पडले असते, ती. ‘तांदूळ घरचाच आहे’ म्हणून तो शून्य रुपयांत धरला, तर खानावळीचा दिसणारा नफा प्रत्यक्षात शेताचा असतो.

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. पाहुण्यांना मात्र आपण बारीक तांदूळ वाढतो, बहुधा एचएमटी. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल-३’ च्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून हे वाण पुढे आणले. समजा, या धानाला व्यापारी २८०० रुपये देत आहे. भरडाई व वाहतूक १६० रुपये. शासकीय भरडाईत साध्या तांदळाचा उतारा ६७ टक्के धरतात. आपल्याला त्यातील अखंड तांदूळ महत्त्वाचा. समजा तो ६० किलो मिळाला आणि ६ किलो कनकी २० रुपये दराने विकली, म्हणजे १२० रुपये परत आले. कोंढा गिरणीतच राहिला. आता २८०० अधिक १६०, उणे १२०, म्हणजे २८४० रुपये. त्याला ६० ने भागले की तांदूळ किलोला ४७ रुपये ३३ पैसे पडला. गावच्या जुन्या हलरवर कनकी जास्त निघत असेल, तर हाच दर वाढतो. धानाचा ओलावा आणि गिरणीची निवड यांचा संबंध असा थेट ताटाशी आहे.

तक्ता कसा आखावा

पहिल्या पानाला ‘दर’ हे नाव द्यावे. ‘ए’ स्तंभात जिन्नस, ‘बी’ मध्ये एकक, ‘सी’ मध्ये आजचा दर. दुसरे पान ‘थाळी’चे. यात जिन्नस, स्वच्छ माल किती लागतो, निवडल्यावर शेकडा किती उरतो, प्रत्यक्ष खरेदी किती आणि किंमत असे स्तंभ करावेत. किमतीच्या घरात आकडा कधीच हाताने लिहू नये. बरोबरचे चिन्ह टाकून ‘खरेदीचे घर गुणिले दर पानावरील त्या जिन्नसाचे घर’ असे सूत्र द्यावे. मग कांद्याचा भाव ‘दर’ पानावर एकदा बदलला की साधी थाळी, कोंबडीची थाळी, नाश्ता सगळीकडे तो आपोआप बदलतो.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. दर किलोचा आणि वापर ग्रॅममध्ये लिहिला तर उत्तर हजारपट येते. म्हणून सगळे किलोतच लिहावे, १२५ ग्रॅम म्हणजे ०.१२५. दुसरे, नावे मराठीत खुशाल लिहावीत, आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाकावेत, म्हणजे संगणक त्यांना अक्षरे समजत नाही.

घट धरताना भागाकार करावा, शेकडा बेरीज करू नये. वाटाण्याच्या शेंगा सोलून निम्मे दाणे उरत असतील आणि आपल्याला एक किलो दाणे हवे असतील, तर शेंगा एक भागिले ०.५ म्हणजे दोन किलो लागतील. ‘पन्नास टक्के घट म्हणून दीड किलो आणू’ म्हटले तर दाणे पाऊण किलोच निघतील. पावसाळ्यात बाजारातून आणलेले वास्ते सोलताना असेच चकवतात. जिवंत कोंबडीचेही तसेच. तीन किलोची कोंबडी साफ केल्यावर मांस साधारण दोन किलो भरते. म्हणजे जिवंत वजनावर २५० रुपये किलो असेल तर मांस ३७५ रुपये किलो पडले. ही प्रमाणे कोणाच्या पुस्तकातून घेऊ नयेत. स्वतःच्या वजनकाट्यावर तीन-चार वेळा मोजून सरासरी टाकावी.

आता २० साध्या थाळ्यांचा हिशेब पाहू. दर उदाहरणादाखल आहेत, आपण आपल्या बाजाराचे टाकावेत. किमती पूर्ण रुपयांत घेतल्या आहेत.

तांदूळ २.५ किलो, दर ४७.३३ – ११८ रुपये
तूर डाळ १ किलो, दर १३० – १३० रुपये
कणीक २ किलो, दर ३८ – ७६ रुपये
झुणक्यासाठी बेसन ०.८ किलो, दर १०० – ८० रुपये
कांदा (स्वच्छ १ किलो, उरते ९० टक्के) १.११ किलो, दर ३० – ३३ रुपये
वांगी (स्वच्छ २ किलो, उरते ९० टक्के) २.२२ किलो, दर ४० – ८९ रुपये
तेल ०.६ किलो, दर १५० – ९० रुपये
चटणीसाठी जवस ०.२ किलो, दर १२० – २४ रुपये
मसाला, मीठ, लसूण, मिरची, कोथिंबीर – ६० रुपये
लिंबू व कोशिंबीर – ३० रुपये
एकूण – ७३० रुपये

उरलेले व वाया गेलेले अन्न ८ टक्के धरल्यास ५८ रुपये ४० पैसे वाढतात. ७८८.४० भागिले २०, म्हणजे एका थाळीचा माल ३९ रुपये ४२ पैशांचा.

रिकाम्या पाटाचा खर्च

येथे बरेच जण थांबतात. माल चाळीस रुपयांचा, थाळी ऐंशीची, म्हणजे निम्मा नफा, असे वाटते. परंतु गॅस, मजुरी आणि जागा अजून धरायची आहे. व्यवसायासाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच वापरावे लागते, घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर त्यासाठी नाही. ते १८०० रुपयांना पडले आणि २४० थाळ्या निघाल्या तर थाळीमागे ७ रुपये ५० पैसे. माल आणि गॅस मिळून ४६ रुपये ९२ पैसे झाले. हा खर्च थाळी विकली तरच होतो.

दोन बायांची मजुरी ४०० प्रमाणे ८०० रुपये आणि भाडे, वीज, भांड्यांची झीज यांचे महिन्याला ६००० रुपये, २५ दिवसांवर वाटून रोजचे २४०. हे १०४० रुपये मात्र गिऱ्हाईक आले नाही तरी जातात. घरच्याच सुना-लेकी राबत असतील तरी त्यांची मजुरी धरावी. शेतावर रोवणीला गेल्या असत्या तर रोज मिळालाच असता.

आता एकाच थाळीचा खर्च पाहा. दिवसाला १० थाळ्या गेल्या तर थाळी १५० रुपये ९२ पैशांना पडते, २० गेल्या तर ९८ रुपये ९२ पैशांना आणि ४० गेल्या तर ७२ रुपये ९२ पैशांना. ८० रुपये दराने २० थाळ्या विकणाऱ्या गटाला रोज ३७८ रुपयांची खोट आहे आणि ती त्यांच्या नजरेला येत नाही, कारण मजुरी स्वतःचीच व तांदूळ घरचाच. तोट्यातून बाहेर यायला किती थाळ्या लागतील? रोजचा ठाम खर्च भागिले विक्रीदर उणे ४६.९२. दर ८० असेल तर ३२ थाळ्या, १०० असेल तर २०, १२० असेल तर १५. ‘एक्सेल’ व ‘कॅल्क’ या दोहोंतील ‘गोल सीक’ या सोयीने हे उलटही काढता येते : रोज २५ थाळ्या जातात आणि ५०० रुपये उरायला हवेत, तर दर किती? उत्तर येते १०८ रुपये ५२ पैसे, म्हणजे फळ्यावर ११० लिहावे.

कांद्याचा भाव दुप्पट झाला की आपण घाबरतो. तक्त्यात ३० चे ६० करून पाहा. थाळी सुमारे पावणेदोन रुपयांनीच महागते. वीसऐवजी दहाच गिऱ्हाईके आली तर मात्र थाळीमागे ५२ रुपयांचा फरक पडतो. लक्ष कोठे द्यायचे ते यावरून ठरवावे.

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असते आणि एरवीही मंगळवारी बंद असते. पर्यटकांवर अवलंबून असलेल्या खानावळीने वर्षाचे ७२ हजार रुपये बारा महिन्यांवर वाटू नयेत. नऊ महिने, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २२५ दिवस धरले तर रोजचे २४० नव्हे, ३२० रुपये होतात. मग ८० रुपये दराने ३४ थाळ्या आणि १०० रुपये दराने २२ थाळ्या लागतील.

टक्केवारीला किती मानावे

हॉटेल व्यवसायात मालाचा खर्च विक्रीदराच्या ३० ते ३५ टक्के असावा असा ढोबळ नियम आहे. ३९.४२ ला ०.३३ ने भागले तर ११९ रुपये येतात. १२० हा दर त्या हिशेबाने योग्य ठरतो. परंतु या नियमाच्या फार आहारी जाऊ नये. कोंबडीच्या थाळीत मांस १६० ग्रॅम म्हणजे ६० रुपये, बाकी माल ३५, असे ९५ रुपये लागले आणि ती २२० ला विकली, तर टक्केवारी ४३ येते. नियमाने ही थाळी वाईट. गॅसचे १० रुपये वजा करूनही तिच्यातून ११५ रुपये उरतात, साध्या थाळीतून १२० रुपये दराने ७३ रुपये. मजुरी टक्क्यांनी चुकवता येत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या कासवाना व स्मिथ यांनी १९८२ मध्ये हाच मुद्दा मांडला : प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि त्यातून किती रुपये उरतात, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात.

करांबाबत थोडक्यात. उपाहारगृहांवर वस्तू व सेवा कराचा सर्वसाधारण दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के असून खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. म्हणून किराणा करासहित दरानेच तक्त्यात धरावा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः या कराची नोंदणी लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी मात्र लहान खानावळीलाही हवी.

महिनाअखेरची पडताळणी

तक्ता सांगतो ते ‘लागायला हवे होते’ असे असते. प्रत्यक्षात किती लागले ते कोठीत मोजावे : महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, उणे शेवटचा साठा. समजा महिन्यात ६०० थाळ्या विकल्या. १२५ ग्रॅमने तांदूळ ७५ किलो लागायला हवा, पण कोठीतून ९० किलो गेला. फरक १५ किलो, सुमारे ७१० रुपये. त्यातील ६ किलो म्हणजे आपण धरलेले ८ टक्के. दोन कामकरी बायांचे २५ दिवसांचे जेवण ५० थाळ्यांचे, म्हणजे सव्वासहा किलो. ते मजुरीच्या खर्चात दाखवावे. राहिले पावणेतीन किलो, बरोबर २२ थाळ्या. पर्यटक घेऊन येणाऱ्या जिप्सीचालकांना आपण जेवू घालतो, त्या या थाळ्या असू शकतात. ते जेवण बंद करावे असे आमचे म्हणणे नाही, चालकच गिऱ्हाईक आणतात. त्यासाठी तक्त्यात ‘चालकांचे जेवण’ असा एक स्तंभ वाढवावा आणि रोज रात्री त्यात आकडा भरावा. तो आकडा २२ पेक्षा कमी आला, तर भाताचा डाव वजनकाट्यावर ठेवून पाहावा.