प्रवेशाचे गणित



संप पुकारण्यापूर्वी आपल्या बाजूस माणसे किती, हे आम्ही मोजतो. मुलास आय. आय. टी. च्या शिकवणीस घालणारा कामगार मात्र काहीच न मोजता भविष्यनिर्वाह निधीस हात घालतो.

मोजावे कसे? २०२४ साली या संस्थांच्या अंतिम परीक्षेस सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले. पात्र ठरले ४८,२४८. जागा होत्या १७,७४०. म्हणजे पात्र ठरलेल्यांतीलही निम्म्याहून अधिक बाहेरच राहिले. ‘आमचे इतके विद्यार्थी पात्र’ ही शिकवणीवर्गाची पाटी म्हणूनच अपुरी आहे.

तेव्हा टक्केवारी विचारू नका, क्रमांक विचारा. कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकास मिळाला, ही यादी सरकार दरवर्षी प्रसिद्ध करते. दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा.

आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत मुख्य परीक्षेचा क्रमांक धरतात, आणि निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. पण ‘महाराष्ट्राचा’ कोण? ज्याने बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण केली तो. शिकवणीसाठी कोट्यास गेलेल्या मुलाने बारावीही राजस्थानातून केली, तर गावातल्या संस्थेतच तो परका ठरतो! हे आधी कोणी सांगत नाही.

हा हिशेब मुलाला जवळ बसवून करा. आणि त्याला एवढे अवश्य सांगा, की यादीतून जागांची टंचाई कळते. तुझी लायकी नव्हे.