पदवीचे मोल आणि खानदेशातील हिशेब

संस्कृतात 'पदवी' म्हणजे वाट. मान, अधिकार, किताब हे अर्थ तिला मागाहून चिकटले. 'शुल्क' या शब्दाचा जुना अर्थ जकात असा असून वधूचे मोल या अर्थीही तो वापरला जाई. विद्यापीठीय पदवीसाठी केलेला खर्च भरून निघतो की नाही, हा प्रश्न धुळे-जळगावकडील घरांतून विचारला जातो, तेव्हा हे दोन्ही विस्मृत अर्थ नकळत जागे होतात. पदवी ही पुढे नेणारी वाट आहे की नाक्यावर जकात भरल्याची पावती, हे ठरल्यावाचून त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

प्रथम खर्चाचा विचार करू. चर्चा बहुधा शुल्काभोवती फिरते, आणि शासनाचे लक्षही तिकडेच असते. तत्कालीन मुंबई राज्याने 1959 साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफी सुरू केली; 2024 साली महाराष्ट्र शासनाने 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णतः माफ केले. या उपायांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अनुदानित महाविद्यालयातील कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शुल्क हा एकूण खर्चाचा लहान अंश असतो. एस. टी.च्या पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते. खोलीच्या भाड्यात आणि खाणावळीच्या बिलात कोणी सवलत देत नाही. शिवाय न मिळवलेला पैसा हाही खर्चच होय. उदाहरणादाखल, दिवसाची मजुरी 300 रुपये आणि वर्षाचे काम 200 दिवस धरले, तर तीन वर्षांत 1,80,000 रुपये घरात येत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ ज्याला संधिव्यय म्हणतात तो हाच. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातील बाके रिकामी का दिसतात, हे कोणत्याही ग्रंथावाचून त्यावरून समजते.

अंतराचा खर्च मात्र खानदेशाने बराच कमी केला आहे. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय 1945 साली निघाले. तत्पूर्वी पदवीसाठी जिल्हा सोडणे भागच होते. 1990 साली पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावला विद्यापीठ आले. मुलींच्या दृष्टीने याचे मोल विशेष आहे. कारण जी पदवी पुण्यात मोफत मिळाली असती तरी घरच्यांनी घेऊ दिली नसती, ती एस. टी.च्या अंतरावर आली.

एका खर्चाची नोंद मात्र कोणत्याच हिशेबात होत नाही. अहिराणी, लेवा बोली किंवा भिल्ली बोलणाऱ्या घरातून आलेला विद्यार्थी प्रमाण मराठीच्या वर्गात प्रवेश करतो आणि शास्त्र वा व्यवसाय शाखेत गेल्यास लगेच इंग्रजीच्या. ग्रिअर्सनने 1907 साली आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या खंडात ठेवले. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद असतील. पण घरची बोली आणि वर्गाची भाषा यांत अंतर आहे, याविषयी नसावा. हे अंतर तोडण्यातच ज्याचे पहिले वर्ष जाते, तो तेवढ्याच शुल्कात दोन वर्षांचे ज्ञान घेतो आणि प्रमाणपत्र तीन वर्षांचे. कोणतीही शिष्यवृत्ती या तुटीची भरपाई करीत नाही.

आता प्राप्तीकडे वळू. गॅरी बेकर यांनी 1964 साली शिक्षणाला मानवी भांडवल म्हटले: शिक्षणाने माणसाची कार्यक्षमता वाढते, म्हणून त्याची मिळकत वाढते. मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली वेगळा विचार मांडला. पदवी ही गुणांची खूण असून, ती पाहून मालक निवड करतो. तिने कार्यक्षमता वाढलीच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रातील सरकारी नोकरभरती पाहिली की स्पेन्स यांचे म्हणणे अधिक पटते. 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागांसाठी 10 लाखांवर अर्ज आले. तेथे पदवी आवश्यक होती. ती कशाची, याला महत्त्व नव्हते. पोलीस शिपायाला बारावी पुरते, तरी 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी आलेल्या 17 लाखांहून अधिक अर्जांत पदवीधरही होते. नाका ओलांडण्यासाठी पावती हवी. परंतु पावत्या फार झाल्या की नाकाच पुढे सरकतो. कधी तो बंदही होतो. शिक्षकभरतीवर 2012 साली निर्बंध आले आणि गावोगाव निघालेली डी. एड. विद्यालये ओस पडली. पालकांनी चुकीचा हिशेब केला, असे तेव्हा म्हणणे अन्यायाचे होते. हिशेबाचा एक आकडा मुंबईत बदलला होता.

2022-23 च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातील बेकारीचे प्रमाण 3.2 टक्के, तर पदवीधरांतील 13.4 टक्के होते. यावरून पदवीने बेकारी येते असे अनुमान काढणे उतावीळपणाचे ठरेल. ज्याला आज काम केल्यावाचून उद्या जेवण नाही, तो बेकार राहूच शकत नाही. वाट पाहणे पदवीधराच्या घराला थोडेबहुत परवडते, एवढेच या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते. लग्नाच्या बाजारातही पदवीचा भाव होतो (शुल्काचा दुसरा जुना अर्थ येथे उपयोगी पडतो), पण ती प्राप्ती कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही.

पदवीच्या विरोधात बोलणारे खानदेशात हटकून बहिणाबाई चौधरींचा दाखला देतात. त्या निरक्षर होत्या आणि 2018 पासून विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते, हे खरे. परंतु त्यांच्या ओव्या शिकलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर आणल्या नसत्या, तर 1952 साली ग्रंथ निघालाच नसता. प्रतिभा शिक्षणावाचून असू शकते. तिला टिकवणारे अक्षर मात्र कोणीतरी शिकावे लागते.

मग निर्णय काय? घरातील पहिल्या विद्यार्थ्याला, आणि विशेषतः मुलीला, जवळच्या महाविद्यालयातील पदवी खर्चाच्या मानाने स्वस्तच पडते. कारण तिच्यासाठी ती अजून वाट आहे. जमीन गहाण ठेवून दूरच्या विनाअनुदानित संस्थेत घेतलेल्या पदवीबद्दल तसे म्हणणे धाडसाचे आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने ऑनर्स पदवीसाठी चौथे वर्ष आणले आहे. मजुरीच्या वरील हिशेबात त्यामुळे आणखी 60,000 रुपयांची भर पडते. तलाठ्याच्या परीक्षेला मात्र तीन वर्षांचीच पदवी पुरते.