‘रोटेट 4’ ते 180 दिवस

2004 साली सर्व्हरच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा लॉग म्हणजे अडगळ, एवढीच माझी समज होती. डिस्क 36 जीबीची, त्यात /व्हारच्या वाट्याला जेमतेम 4. सकाळचा चहा व्हायच्या आधी ‘डीएफ’ मारायचा आणि आकडा नव्वदीपुढे गेलेला दिसला की जुन्या फाइली उडवायच्या.

लॉगरोटेट तेव्हाही होतंच. रेड हॅटमधल्या एरिक ट्रोन आणि प्रेस्टन ब्राउन यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेलं हे लहानसं साधन क्रॉन रोज पहाटे 4 वाजून 2 मिनिटांनी उठवायचा. त्याच्या मुख्य फाइलीत कामाच्या ओळी दोनच: ‘वीकली’ आणि ‘रोटेट 4’. दर आठवड्याला चालू वही बाजूला ठेवून कोरी उघडायची, जुन्या चार ठेवायच्या, पाचवी रद्दीत. हे चार का, असं आम्ही कधी विचारलं नाही.

एका शनिवारी रात्री वेबसर्व्हरची ॲक्सेस फाइल फुगली आणि विभाजन काठोकाठ भरलं. मेल थांबली. मी ‘आरएम’ने ती फाइल पुसली. आता ‘डीयू’ म्हणे जागा आहे, ‘डीएफ’ म्हणे 100 टक्के. घाबरून सरांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, “अरे, दारावरची पाटी काढलीस तू, भाडेकरू आतच आहे.” खरंच तसं होतं. फाइलचं नाव गेलं तरी अपाचीने ती उघडी धरून ठेवली होती. तो सोडेपर्यंत जागा सुटणार नव्हती. ‘पोस्टरोटेट’मध्ये प्रक्रियेला एचयूपी सिग्नल का पाठवतात, हे पुस्तकात तीनदा वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या रात्री शिरलं.

पुढची काही वर्षं आळसाची. जावाची ॲप्लिकेशन्स सिग्नलला दाद देत नसत, म्हणून मी सरसकट ‘कॉपीट्रंकेट’ लावून मोकळा होत असे: फाइलची नक्कल काढायची आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करायची. या दोन्हींच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी हरवतात, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

2014 मध्ये सेंटओएस 7 आलं, सोबत सिस्टमडीचं लॉग साठवणारं जर्नल. डिस्कच्या दहा टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त 4 जीबीवर ते स्वतःच थांबतं, हे कळल्यावर हायसं वाटलं. मात्र त्याची साठवण तिथे मुळात मेमरीत होती, यंत्र रीबूट केलं की गेली. /व्हार/लॉगमध्ये त्याची डिरेक्टरी आपण तयार केली तरच ती टिकायची.

मग 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश निघाला: यंत्रणांचे लॉग सलग मागच्या 180 दिवसांचे ठेवा, तेही भारताच्या हद्दीत. तोवर डिस्क सांगेल तेव्हा आम्ही लॉग टाकत होतो. आता कधी टाकायचं नाही, हे सरकारने सांगितलं. मी हिशेब केला, 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि सगळीकडे ‘रोटेट 26’ करून टाकलं. दोन महिन्यांनी तपासलं तर एका सर्व्हरवरची सर्वांत जुनी फाइल 26 दिवसांपूर्वीची. ‘मॅक्ससाइझ’ची एक जुनी ओळ तशीच राहिली होती. वाहतूक वाढली, फाइल रोजच मर्यादा ओलांडू लागली आणि आठवड्याची वाट न बघता रोज फिरू लागली. ‘रोटेट’ फाइली मोजतं, दिवस नव्हे. शेवटी ‘मॅक्ससाइझ’ काढलं, ‘डेली’सोबत ‘रोटेट 200’ लावलं आणि ‘कॉम्प्रेस’ची ओळ उघडली. जीझिपने मजकूर इतका आकसतो की जागेची ओरड फारशी झालीच नाही.

तुमच्याकडे सर्व्हर असेल तर सेटिंग राहू द्या, आधी /व्हार/लॉगमधल्या सर्वांत जुन्या फाइलची तारीख बघा. नव्या सर्व्हरवर आजही मुळात ‘वीकली’ आणि ‘रोटेट 4’च लिहिलेलं येतं.