आधी उतरवायचे की आधी कमवायचे?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण दोन डॉक्टरांच्या छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन ते वेगळे.) किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो बीएमआय येतो, तो दोघांचा सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठणे, अशी मिश्कील नोंदही त्या टिपणात होती.

जिममध्ये नुकतेच नाव घातलेल्या मराठी माणसाने हे टिपण आधी समजून घ्यायला हवे. कारण पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे प्रश्न येतो : ‘कटिंग’ करायचे की ‘बल्किंग’? म्हणजे कमी खाऊन आधी चरबी उतरवायची, की भरपूर खाऊन आधी स्नायू कमवायचे? हा प्रश्न मुळात शरीरसौष्ठव स्पर्धांच्या जगातला. तिथे वर्षातले काही महिने वजन वाढवायचे आणि मंचावर जाण्याआधी चरबी झडवायची, अशी पद्धत असते. वर्षानुवर्षे अंग कमावलेल्यांना ती शोभते. हातपाय काड्यांसारखे आणि शर्टाखाली पोट, अशा माणसाला तो प्रश्न जसाच्या तसा विचारणे गैरलागू आहे.

असा माणूस आपल्याकडे अपवाद नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘कृश पण चरबीयुक्त’ ही आपली ठेवण पाळण्यापासूनची आहे. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानले आणि कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठेवली, ती याच जातीच्या पुराव्यांवरून.

आपली भाषाही इथे फसवते. ‘अंगाने भरला’ हे आपण पोट सुटलेल्याबद्दलही म्हणतो आणि तालमीतून आलेल्याबद्दलही. वजनकाट्याचे तेच. ‘कमावलेले शरीर’ हा शब्दप्रयोग त्यापेक्षा नेमका.

आता अशा माणसाने नुसते जेवण तोडले तर काय होते? वजन उतरते, पण ढोबळमानाने त्यातला पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. आधीच तुटपुंजे भांडवल आणखी घटते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात, हे लक्षात घेतले तर मधुमेहाच्या या देशात तो तोटा किरकोळ नाही. उलट ‘बल्किंग’ केले, तर स्नायू वाढण्याची गती शरीर ठरवते, ताट नव्हे. वरचे सगळे चरबी होते आणि आपल्या ठेवणीत ती पोटात जाऊन बसते. मला तरी नवख्याला दिलेला ‘आधी भरपूर खा’ हा सल्ला बेजबाबदार वाटतो.

मग दोन्ही एकदम साधते का? चरबीचे स्नायूत रूपांतर होत नाही, हे खरे. मात्र स्नायू बांधायला लागणारी ऊर्जा साठलेल्या चरबीतून मिळू शकते. कच्चा माल, म्हणजे प्रथिने, आणि मागणी, म्हणजे वजनाचा व्यायाम, एवढे बाहेरून पुरवावे लागते. २०१६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ४० जादा वजनाच्या तरुणांवर प्रयोग केला. चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा आणि आठवड्याचे सहा दिवस कठोर व्यायाम. दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायू जवळपास तसेच राहिले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली, शिवाय चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. घरच्या जेवणावर आणि नोकरी सांभाळून हा वेग येणार नाही, पण दिशा कळते. व्यायाम नव्याने सुरू करणारे, मोठ्या खंडानंतर परतलेले आणि अंगावर चरबी राखून असलेले, यांना हे विशेष जमते.

अडते ते प्रथिनांपाशी. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला रोज १०४ ग्रॅम लागतात. वाटीभर आमटीत पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासच्या आसपास. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात या क्रमाने निम्मी मजल गाठतानाही दमछाक होते. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.)

म्हणून कमरेचा घेर मर्यादेपलीकडे असेल, तर रोजच्या गरजेपेक्षा तीनचारशे कॅलरी कमी, प्रथिने भरपूर आणि आठवड्यातून तीनदा वजने. घेर मर्यादेत, पण हात बारीक असतील, तर जेवण बेताचेच ठेवून तोच व्यायाम. काट्यावर महिनोन्महिने आकडा हलणार नाही, आणि इथेच बहुतेक जण जिम सोडतात. त्यांनी शिंप्याची टेप आणि वही ठेवावी. घेर दोन सेंटिमीटरने घटला आणि २० किलोऐवजी ३० किलोची बैठक निघू लागली, तर आत बदल चालू आहे. ज्याची अशी प्रगती दोन-तीन वर्षांनी खरोखर थांबते, त्याच्यापुढे ‘कटिंग की बल्किंग’ हा प्रश्न पहिल्यांदा रास्तपणे उभा राहतो.

वयाची सबब मात्र टिकत नाही. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले होते. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.