नापास केलं की पोरगं सुधारतं?

"पूर्वी नापास करायचे तेव्हा पोरं अभ्यास करायची. सरकारने नापास करणं बंद केलं आणि पोरं वाया गेली." मुंबईच्या आरे कॉलनीत शाळेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आरे चेकनाक्यावर रिक्षाची वाट बघणारे म्हणतात, पालकसभेत बाप म्हणतो, आणि वाईट याचं वाटतं की चहा पिताना शिक्षकही म्हणतात. वर आदिवासी पाड्यांवरच्या मुलांबद्दल पुरवणी जोडलेली असते : "त्यात हे पाड्यावरचे. यांना शिक्षणाची गोडीच नाही."

आधी कायद्याचं बघू, कारण तो न वाचता बोलणारे फार आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्याच्या कलम १६ने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली. परीक्षा घेऊ नका असं कायद्यात कुठेही नव्हतं. उलट सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा महाराष्ट्राचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१०ला निघाला. आकारिक, संकलित, लेखी, तोंडी असं सगळं त्यात आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे कलम २४ने शिक्षकाचं कर्तव्यच ठरवलं. प्रत्यक्षात काय झालं? 'वर्णनात्मक नोंदी'ची तयार पुस्तकं बाजारात आली आणि चाळीस मुलांच्या पुढे त्यातलीच वाक्यं उतरवली गेली. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही नावापुढे 'वाचनाची आवड आहे'. मूल वर ढकललं गेलं हे खरं आहे, पण ढकलताना मधलं शिकवणं कायद्याने काढून घेतलेलं नव्हतं.

दुसरं, 'हल्ली नापास करतच नाहीत' ही माहितीच शिळी आहे. २०१९मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोपवलं गेलं. महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलले. आता या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, त्यातही नापास झाल्यास तोच वर्ग पुन्हा. मूळ दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. नापास मुलाला आधी जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. आपल्याकडे हे दोन महिने येतात कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीत. शिक्षक सुट्टीवर, मूल मामाच्या गावाला. मग 'जादा शिकवणं' कागदावर उरतं आणि 'नापास' तेवढं खरं होतं.

आणि नववी? ती या मनाईत कधी नव्हतीच. नववीत नापास करायची मुभा शाळांना आधीही होती, आताही आहे. ती वापरलीही जाते, कारण दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असतो. कच्ची पोरं नववीतच गाळली की बोर्डाच्या निकालाचा फलक छान दिसतो. नापासाच्या भीतीने मुलं सुधारत असती, तर निदान नववीत तरी ती सुधारलेली दिसायला हवी होती.

आता मूळ मुद्दा. नापास झालेला मुलगा तेच वर्ष पुन्हा करतो, म्हणजे नेमकं काय करतो? आठवीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'परिमेय व अपरिमेय संख्या'. समोरच्या मुलाला विचारा, ५२ वजा २७ किती. तो लिहितो ३५. आपण म्हणतो, 'लक्ष नाही, आळशी आहे.' जरा थांबून त्याच्याकडून मोठ्याने करून घ्या. एकक स्थानी २मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने उलटं केलं, ७मधून २ वजा करून ५ लिहिले. दशकाचे ५ वजा २ म्हणजे ३. उत्तर ३५. हा आळस नाही. त्याचा स्वतःचा नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो नियम तो दुसरीपासून इमानेइतबारे पाळतोय. दशक सुटा करणं त्याला कुणी नीट दाखवलंच नाही, किंवा दाखवलं त्या आठवड्यात तो शाळेत नव्हता. या मुलाला परिमेय संख्या अजून एक वर्ष शिकवून काय होणार? त्याची अडचण आठवीच्या पुस्तकात नाहीच, सहा इयत्ता मागे आहे.

हे एकट्याचं नाही. मुलांना कितपत वाचता-मोजता येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं. पाहणी मुंबईची नाही, पण पालिकेच्या शाळेत शिकवलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तेव्हा लोकांचा राग खरा आहे. त्यावर सुचवलेलं औषध मात्र चुकीचं आहे.

शंका असेल त्यांनी शिकागो बघावं. तिथल्या सरकारी शाळांनी १९९६पासून तिसरी, सहावी आणि आठवीला गुणांची रेघ आखून मुलं मागे ठेवायला सुरुवात केली. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी रेघेच्या जरासं वर आणि जरासं खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली. सहावीत मागे ठेवल्याने शाळा पूर्ण करण्यावर फारसा फरक पडला नाही. आठवीत मागे ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलं. आपण नेमकी आठवी निवडली आहे.

'अमेरिकेचं इथे नको' म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचंच उदाहरण आहे. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकात याच शहरात, पालिकेच्या शाळांभोवती उभी राहिली. तिच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतलीच एखादी तरुणी, बहुतेकदा शालान्त शिकलेली, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला घेऊन बसायची. रोज दोन तास, शाळेच्या वेळातच, आणि मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई-वडोदऱ्यात याची रीतसर चाचणी घेतली आणि २००७मध्ये निष्कर्ष छापले. गुण वाढले, आणि वाढ झाली ती बाजूला घेतलेल्या मुलांचीच. मागे उरलेल्या वर्गातली गर्दी कमी झाली म्हणून त्या वर्गाला फारसा फायदा झाला नाही. ही मुलं लहान होती हे मान्य, पण आठवीतल्या त्या पोराची वजाबाकीही दुसरीतलीच आहे.

आता पाड्यांबद्दल, कारण 'गोडी नाही' हे ऐकून माझं डोकं फिरतं. आरेची दूध वसाहत १९४९ची. त्याआधीपासून इथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. काही पाड्यांवर वीज पोहोचायला कित्येक दशकं गेली. घरात वारली बोलणारं मूल पहिलीत मराठी ऐकतं, तबेल्यावरच्या भय्याचं मूल घरात भोजपुरी बोलतं, आणि दोघांना एकाच बाकावर बसवून पुस्तकी मराठीत 'समजलं का?' विचारलं जातं. पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. मग नववीसाठी गोरेगाव, जोगेश्वरी नाहीतर मरोळ. नवी शाळा, नवे सर, आरेतल्या पत्त्याच्या युनिट नंबरवरून चिडवणारी नवी मुलं, बसचं भाडं. म्हणजे जिथे मूल सगळ्यात जास्त डळमळीत असतं, नेमकं तिथेच आपण नापासाचा दांडका ठेवलाय. पंधरा वर्षांच्या पोराला तेराच्या मुलांत बसवलं तर त्याला तबेल्यावरची मजुरी किंवा शूटिंगच्या सेटवरचं हरकाम बरं वाटणारच. मुलीला तर घरी थांबवायला निमित्तच हवं असतं.

'संध्याकाळी जादा तास घेतो की आम्ही, तीच येत नाहीत' असं शाळा म्हणतात. सहाला तास संपल्यावर मुख्य रस्त्यापासून पाड्यापर्यंतची पायवाट कुणी एकदा चालून बघितली आहे का? २०२१मध्ये आरेत बिबट्याचे हल्ले लागोपाठ झाले, २०२२च्या दिवाळीत युनिट १५मध्ये एक चिमुकली मुलगी गेली. त्यानंतर कुठली आई पोराला अंधारात येऊ देईल? जादा तास शाळेच्या वेळेतच बसवावा लागेल. त्यासाठी एखादा विषय आठवड्यातून दोनदा बाजूला ठेवावा लागला तरी चालेल.

वर्तनाचंही असंच आहे : मूल कुठे अडलंय ते न बघता शिक्षा होते. प्रकट वाचनाची पाळी आली की शेवटच्या बाकावरचा मुलगा खोडरबर फेकतो. सर त्याला वर्गाबाहेर काढतात. त्याला वाचायचं नव्हतं, ते टळलं. शिक्षा म्हणून दिलेलं त्याच्या दृष्टीने बक्षीसच ठरलं, तेव्हा तो उद्या पुन्हा फेकणार. वहीत तीन रकाने आखून पंधरा दिवस नोंद ठेवा : तास कुठला, दंग्याच्या आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं. बहुतेक वेळा दोन-तीनच तास वारंवार येतात. मग त्या तासाला त्याला सगळ्यांसमोर वाचायला न लावता आदल्या दिवशी एकट्याकडून चार ओळी वाचून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार ओळी त्याच्या वाट्याला येऊ द्या. याला पैसे लागत नाहीत.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो.

'दोन फटके दिल्याशिवाय चालत नाही.' कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. 'ढ' म्हणून हाक मारणंही त्यात आलं.

'आठवीला नापास झाला तर शाळा नाव काढून टाकते.' काढू शकत नाही. प्राथमिक, म्हणजे आठवीपर्यंतचं, शिक्षण पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही, ही तरतूद २०१९च्या दुरुस्तीतही तशीच आहे.

'दहावी हुकली, आता संपलं.' एक-दोन विषय राहिले तर ते घेऊनच अकरावीत जायची सवलत, म्हणजे एटीकेटी आहे, पुरवणी परीक्षा आहे, शाळा सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे.

'डिस्लेक्सिया हे इंग्रजी शाळेतल्या श्रीमंत मुलांचं खूळ.' २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता स्पष्ट नोंदलेली आहे, आणि ती ओळखणारी 'डाली' ही चाचणी २०१५पासून मराठीतही आहे. तपासणी आणि प्रमाणपत्र शीवच्या पालिका रुग्णालयात मिळतं. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. फक्त तपासणीला अनेक फेऱ्या लागतात आणि रांग मोठी असते. दहावीचा अर्ज भरायच्या वेळी धावपळ करून ते जमत नाही. शंका आली तर आठवीतच नंबर लावा.