दुसरी नजर
रिद्धपूर आपल्या यवतमाळहून फार लांब नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. संगणकवाले याला कोड रिव्ह्यू म्हणतात. काहींना तो वेळखाऊ वाटतो. शिवाय ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक तपासणी होऊनही दोन वर्षं लपून राहिली. 2014 मध्ये सापडली. मग तपासणी व्यर्थ का? नाही, एकच नजर अपुरी पडली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. लिनक्सकडे वळायचं का? आपण जरूर वळू. तिथला कोड कुणालाही वाचता येतो. पण वाचता येणं म्हणजे वाचला जाणं नव्हे. ओपनएसएसएलचा कोडही खुलाच होता ना! वाचणारा लागतोच.